एक इंच उंचीची अक्षरं

टेक्ससमध्ये दुकानात शिरताना काचेच्या दारावरच्या पाट्या वाचायची सवय असेल, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. कुत्र्यांना मनाई दोन शब्दांत उरकते. 'शर्ट नाही, बूट नाहीत, तर सेवाही नाही' हे एका ओळीत बसतं. बंदुकीची पाटी मात्र परिच्छेदभर लांब असते, आणि तो परिच्छेद दुकानदाराने मनाने लिहायचा नसतो. राज्याच्या दंडसंहितेतल्या कलम ३०.०६ आणि ३०.०७ मध्ये मजकूर शब्दशः ठरवून दिला आहे. पहिलं कलम परवानाधारकाने कपड्याआड लपवून आणलेल्या पिस्तुलासाठी, दुसरं उघड दिसेल असं लावून आणलेल्यासाठी. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषा हव्यात, अक्षरं किमान एक इंच उंच हवीत, रंग एकमेकांवर उठून दिसायला हवेत, आणि पाटी लोकांना सहज दिसेल अशी हवी, उघड पिस्तुलाची तर लोक ज्या ज्या दारातून आत येतात त्या प्रत्येक दारावर. २०२१ साली परवान्याशिवायही पिस्तूल बाळगायला मुभा मिळाली, तेव्हा बिनपरवानावाल्यांसाठी ३०.०५ ची तिसरी पाटी आली. तिन्ही लावल्या तर दारातून आतलं दुकान दिसायचं बंद होतं.

म्हणून बहुतेक मोठी दुकानं पाटीच लावत नाहीत. ती 'विनंती' करतात. आणि ती विनंती तोंडाने जाऊन करायची असते माझ्यासारख्या माणसाने.

डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्कोच्या पट्ट्यात, किराण्यापासून पडद्यांपर्यंत सगळं मिळणाऱ्या एका साखळी दुकानात मी असिस्टंट मॅनेजर आहे. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-फोरवर, कामाचा परवाना वेगळा काढलेला. या व्हिसाची एक गंमत आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायलाच बंदी आहे. त्यातून सुटायच्या ज्या काही मोजक्या वाटा आहेत, त्यांतली एक म्हणजे शिकारीचा परवाना. म्हणजे मला स्वतःला पिस्तूल घ्यायचं झालं, तर आधी हरणं किंवा बदकं मारायचा कागद काढावा लागेल. आणि मी कंबरेला वॉकी-टॉकी अडकवून एका जन्मजात नागरिकाला सांगायला जाते, की साहेब, तुमचं ते जरा गाडीत ठेवून याल का.

हे सगळं कसं सुरू झालं ते मला इथे आल्यावर बऱ्याच उशिरा कळलं. टेक्सस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कमरेला पिस्तूल लावलेला गुराखी येतो. प्रत्यक्षात १८७१ सालापासून या राज्यात पिस्तूल घेऊन हिंडायला बंदी होती. लपवून बाळगायचा परवाना मिळू लागला तो १९९५च्या कायद्यानंतर, आणि उघड लावायची मुभा मिळाली १ जानेवारी २०१६ला. मधल्या काळात विचित्र अवस्था होती. पिस्तूल दिसलं तर गुन्हा, पण खांद्याला लांबलचक रायफल लटकवून भर बाजारातून चाललात तर कायद्याला हरकत नाही. फक्त लोकांना घाबरवण्याच्या हेतूने ती मिरवायची नाही. उघड पिस्तुलाच्या बाजूने चळवळ करणाऱ्यांनी नेमकं हेच पकडलं. २०१३-१४ मध्ये ते रायफली घेऊन हॉटेलांत आणि दुकानांत जाऊ लागले. 'बघा, कमरेचं लहान चालत नाही म्हणता, मग हे मोठं बघा' असा हिशोब. डॅलस भागात चिपोटले या साखळीच्या एका हॉटेलात रायफली घेऊन उभ्या असलेल्या माणसांचे फोटो देशभर फिरले, आणि मे २०१४ मध्ये त्या कंपनीने बंदुका आणू नका असं सांगितलं. पाठोपाठ चिलीज आणि सॉनिक या हॉटेलसाखळ्या, जुलैमध्ये टार्गेट ही दुकानांची साखळी. खुद्द नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या बड्या संघटनेनेच तेव्हा असल्या प्रदर्शनाला 'विचित्र' म्हटलं होतं. चळवळीतल्या काहींनी संतापून सदस्यत्वाची कार्डं कापली, आणि संघटनेने काही दिवसांतच शब्द मागे घेतले.

त्याही आधीचं, स्टारबक्सचं प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. बंदूकवाले त्या कंपनीवर खूश होते, कारण जिथला जो कायदा तो आम्हाला मान्य एवढीच तिची भूमिका होती. कौतुक म्हणून ते ठरवून, बंदुका लावून कॉफी प्यायला जात. ऑगस्ट २०१३ मध्ये अशा 'कौतुक दिना'चा बेत न्यूटाऊनमधल्या दुकानातही ठरला. न्यूटाऊन म्हणजे जिथल्या शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली ते गाव. ते दुकान त्या दिवशी लवकर बंद करावं लागलं. पुढच्या महिन्यात कंपनीचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड शुल्त्झ यांनी जाहीर पत्र काढलं. बंदुका आणू नका, पण ही बंदी नव्हे, विनंती आहे. कारणही दिलं होतं. बंदी घातली तर सशस्त्र गिऱ्हाइकाला अडवायचं काम कर्मचाऱ्यांवर येईल, आणि ते त्यांच्यावर टाकणं मला पटत नाही.

ऐकायला हे किती मायेचं वाटतं! काउंटरच्या या बाजूने बघितलं की त्यातली मेख दिसते. विनंतीसुद्धा कोणीतरी जाऊन करावीच लागते, आणि ती करायला शुल्त्झसाहेब सिएटलहून येत नाहीत. बंदी असती तर जाणाऱ्याच्या मागे निदान कायदा उभा असता. विनंती घेऊन जाणाऱ्याच्या मागे फक्त त्याचा गणवेश असतो. दारावर ३०.०७ची पाटी असेल आणि तरी कोणी पिस्तूल लावून आत आला, तर तो गुन्हा आहे. साधा, दोनशे डॉलरपर्यंत दंडाचा. तोंडी सांगूनही तो बाहेर पडला नाही तर मामला वरच्या वर्गात जातो, वर्षभरापर्यंत कैद आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड. म्हणजे या राज्यात दुकानाच्या मॅनेजरच्या तोंडी वाक्यालाही कायद्याचं वजन आहे. अट एकच. त्या वाक्यात 'इथे मनाई आहे' असं स्पष्ट असायला हवं. आणि नेमकं तेच उच्चारायचं नाही असं आम्हाला शिकवलं जातं.

शिकवणीचं कार्ड लॅमिनेट करून ऑफिसात कॅशच्या तिजोरीशेजारी लावलेलं आहे. जवळ जाताना हात दिसू द्या. पाठीमागून जाऊ नका. परवाना मागू नका. शस्त्राकडे बोट दाखवू नका. राज्यघटनेवर चर्चा करू नका. (शस्त्र बाळगायचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी दुकानदाराला नाही, हे पाठ असलं तरी म्हणायचं नाही.) मोबाइलवर शूटिंग चालू आहे असं धरूनच बोला. एकदाच, हळू आवाजात, शक्यतो इतर गिऱ्हाइकांपासून बाजूला होऊन सांगा. ऐकलं तर आभार माना, नाही ऐकलं तरी आभार माना. कोणी शस्त्र हातात घेतलं किंवा धमकी दिली तर मात्र बोलणं सोडा, माणसं बाहेर काढा आणि ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा.

ऑगस्टमधला करमाफीचा शनिवार-रविवार. शाळा सुरू होण्याआधी टेक्सस सरकार दप्तरं, कपडे, वह्या यांच्यावरचा विक्रीकर त्या दिवसांपुरता माफ करतं. दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत एक बाई कस्टमर सर्व्हिसपाशी आली, दोन मुलांचे दंड दोन हातांत धरून. बल्बांच्या गल्लीत बंदूकवाला माणूस आहे, म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं वाटलं असतं.

गेले. साठीचा गृहस्थ होता. इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट पँटमध्ये खोचलेला, उजव्या कुशीला तपकिरी चामड्याचं होल्स्टर. वापरून वापरून त्याची कड काळपट आणि गुळगुळीत झाली होती, आपल्याकडे जुन्या दुकानदाराच्या पैशाच्या पाकिटाची होते तशी. तो हातात दोन खोकी धरून वाचत होता. एक उबदार पिवळ्या उजेडाचा बल्ब, एक पांढऱ्या. मी समोरून गेले, हात दिसतील असे ठेवून. नमस्कार-चमत्कार झाले. म्हटलं, सर, आमची कंपनी गिऱ्हाइकांना विनंती करते की शस्त्र उघड लावून आत येऊ नये, तुम्ही ते गाडीत ठेवून आलात तर फार बरं होईल.

त्याने चष्म्यावरून बघितलं. "हा नियम आहे की विनंती, मॅम?"

"विनंती आहे, सर."

"बरं. ऐकली मी तुमची विनंती." त्याच्या बोलण्यात तिरकसपणा नव्हता. मग त्याने दोन्ही खोकी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "स्वयंपाकघराला यातला कुठला चांगला दिसेल?"

पिवळ्या उजेडाचा, मी सांगितलं. आणखी काय करणार? जाता जाता त्यानेच स्पष्टीकरणही दिलं: गाडीत ठेवलं आणि गाडी फोडली, तर हीच बंदूक उद्या भलत्याच्या हातात असेल, ते तुम्हाला आवडेल का? हा मुद्दा अगदीच फुसका नाही. इथे पार्किंगमधल्या गाड्यांतून बंदुका सर्रास चोरीला जातात, आणि ज्या दुकानांना त्या आत नको असतात, त्यांच्याच अंगणात त्या गाड्या उभ्या असतात.

मी परत येईपर्यंत ती बाई निघून गेली होती. तिची ट्रॉली काउंटरला टेकवलेली होती. वह्यांचे गठ्ठे, दोन पाण्याच्या बाटल्या, मुलीच्या मापाचे बूट आणि खाली आइस्क्रीमचा डबा. किती वेळ बाहेर होता कोण जाणे, बाजूंनी मऊ पडला होता. तसा डबा परत फ्रीजरात ठेवता येत नाही. स्कॅन करून नुकसानीत टाकला. संध्याकाळी फॉर्म भरायला बसले. त्यात 'गिऱ्हाइकाने सहकार्य केलं का' असा रकाना आहे, हो किंवा नाही. बल्ब घेऊन, पैसे देऊन, 'हॅव अ ब्लेस्ड डे, मॅम' म्हणून गेलेला माणूस त्यातल्या कुठल्या चौकोनात बसतो ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. गेलेल्या बाईसाठी तर फॉर्मवर रकानाच नाही.

कोणाला वाटेल, ही बंदूक बघून बावचळणारी बाई दिसते. तसं नाही. माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं. आजोबांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक माजघरात वरच्या खुंटीला असायची, डुकरं आणि माकडं यांच्यासाठी. तिचा परवाना पिशवीत घालून कणगीमागे जपलेला. निवडणुका जाहीर झाल्या की पोलीस ठाण्याचं बोलावणं यायचं, आणि आजोबा ती गोणपाटात गुंडाळून एसटीने जाऊन जमा करायचे, निकालानंतर परत आणायचे. एसटीतल्या कोणालाही त्याचं काही वाटत नसे. ती बंदूक भातासाठी होती, समोरच्या माणसासाठी नव्हती, आणि हे बघणाऱ्यालाही माहीत असायचं. सराफाच्या पेढीबाहेर दुनळी मांडीवर घेऊन पेंगणारा रखवालदार आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यालाही कोणी भीत नाही, कारण तो कशाची राखण करतोय ते समोर दिसतं. बल्बांच्या गल्लीत ते दिसत नाही. त्या गृहस्थाचा हेतू चांगलाच होता असं मी आज शपथेवर सांगेन. पण त्याच्याशी बोलून झाल्यावर. त्या बाईला दुरून ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

आणि ती दूरची भीती कशाची आहे हे २०१९च्या ऑगस्टने दाखवलं. ३ तारखेला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये एकाने रायफलने गोळीबार केला. २३ माणसं गेली. पाचच दिवसांनी मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एक तरुण अंगात चिलखती जाकीट, जवळ रायफल अशा थाटात वॉलमार्टमध्ये शिरला. दुकान आपला घटनादत्त हक्क मानतं का ते बघायचं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. तिथल्या मॅनेजरने आगीची घंटा वाजवून दुकान रिकामं केलं, आणि सुट्टीवर असलेल्या एका अग्निशमन जवानाने स्वतःचं पिस्तूल रोखून त्याला पोलीस येईपर्यंत धरलं. उघड बंदुकीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही हा प्रसंग आपापल्या पुराव्यादाखल सांगतात. मला त्यात दिसतो तो मॅनेजर. खरं काय आणि प्रयोग काय हे त्याला काही सेकंदांत ठरवायचं होतं, आणि त्याने भिंतीवरचा लाल दांडा खाली ओढला. पुढच्या महिन्यात, ३ सप्टेंबरला, वॉलमार्टने पिस्तुलाच्या गोळ्यांची विक्री थांबवायचं जाहीर केलं आणि शस्त्रं उघड लावून येऊ नका असं आवाहन केलं. भाषा तीच, आदरपूर्वक विनंतीची. क्रोगर त्याच दिवशी मागोमाग आली, मग सीव्हीएस, वॉलग्रीन्स आणि बाकीच्या. टेक्ससच्याच एच-ई-बी या किराणा साखळीने आणि व्हॉटाबर्गर या बर्गरवाल्यांनी मात्र कायदा येतानाच उघड पिस्तूल चालणार नाही असं स्पष्ट सांगून टाकलं होतं, आणि त्यांचं गिऱ्हाईक काही तुटलं नाही.

माझ्याबरोबर शिफ्ट लीडर म्हणून काम करणारा एक कृष्णवर्णीय सहकारी आहे. सैन्यात होता, परवाना आहे, पिस्तूल आहे. इथल्या कायद्याने कर्मचाऱ्याला पार्किंगमधल्या कुलूपबंद गाडीत ते ठेवता येतं, तसं तो ठेवतो. तू कधी उघड लावून खरेदीला जातोस का, असं मी त्याला विचारलं होतं. तो नुसता हसला, आणि मग ओहायोची गोष्ट सांगितली. २०१४ साली, उघड शस्त्र बाळगणं कायदेशीर असलेल्या त्या राज्यात, बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये २२ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाने दुकानाच्याच फळीवरची छऱ्यांची बंदूक उचलली आणि फोनवर बोलत फिरत राहिला. कोणीतरी ९११ला फोन केला. पोलीस आले आणि त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. ज्युरीने कोणावरही आरोप ठेवला नाही. "तो चौकड्याच्या शर्टवाला म्हातारा मी असतो," सहकारी म्हणाला, "तर ती बाई तुझ्याकडे आली नसती. तिने थेट फोन लावला असता."

१९६७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे ब्लॅक पँथर्स बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले, तेव्हा भरलेल्या बंदुका घेऊन सार्वजनिक जागी फिरायला बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, पुढे ज्यांना बंदूकवाले आपला माणूस मानत आले त्यांनीच. हक्क सगळ्यांचा म्हणतात. तो कोणाच्या कमरेला शोभतो हे बघणारा ठरवतो.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ, मूळ इचलकरंजीचे, शहराबाहेर हायवेला पेट्रोल पंप आणि त्याला लागून दुकान चालवतात. काउंटरखाली त्यांचं स्वतःचं पिस्तूल असतं. गणपतीला आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी विषय काढला, तुम्ही पाटी का लावत नाही?

"वहिनी, माझं निम्मं गिऱ्हाईक रँचवालं. सकाळी कॉफी न्यायला येतात, कमरेला असतंच. पाटी लावली तर ते समोरच्या पंपावर जातील. आणि ज्याला मला लुटायचंय, तो काय पाटी वाचून परत जाणारे?"

"पाटी लुटारूसाठी नसतेच हो," मी म्हटलं. "ती साध्या माणसासाठी. त्याच्याशी मला वाद घालावा लागू नये म्हणून."

"तुम्हाला पगार मिळतो त्याचा. मला गिऱ्हाईक लागतं," ते म्हणाले आणि अजून एक मोदक वाढून घेतला. त्यांचं त्यांच्यापुरतं मला पटतं. स्वतःच्या दुकानात स्वतःच्या नावाने निर्णय घेऊन, त्याचा नफा-तोटा सोसून ते बसलेत. माझं भांडण त्यांच्याशी नाही. ज्यांना निर्णय घ्यायचा नसतो आणि तो न घेतल्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं असतं, त्यांच्याशी आहे. हवाई राज्याने २०२३ साली उलटा नियम केला: दुकानदाराने स्पष्ट परवानगी दिली तरच बंदूक आत. म्हणजे पाटी लावायचं ओझं होकार देणाऱ्यावर. ते प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हवाईचं सगळंच मला पटतं असं नाही, पण तिथल्या कायद्याने निदान मालकाला तोंड उघडायला लावलं.

आमच्या विभागीय बैठकीत मी ३०.०७ची पाटी लावायचं सुचवलं होतं. दाराचं सौंदर्य, ब्रँडची प्रतिमा आणि 'दोन्ही बाजूंच्या गिऱ्हाइकांचा आदर' अशी तीन उत्तरं मिळाली. काही महिन्यांनी तिजोरीशेजारचं कार्ड मात्र बदलून आलं. एक ओळ वाढली होती. गिऱ्हाइकाने हा नियम आहे का असं विचारल्यास वाद घालू नये, धन्यवाद म्हणून बाजूला व्हावं.

नव्याने शिफ्ट लीडर झालेल्या एका कॉलेजच्या मुलाला मी ते कार्ड समजावून देत होते. त्याने ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, मग जायचंच कशाला?

तक्रार करणाऱ्या बाईला आपण गेलेलो दिसावं म्हणून, मी सांगितलं.